पिपलानीच्या गिधाडाचा चार्ज

भोपाळला गेलो तो सामान बांधायला. माझी मामेबहीण सुधाताई आणि तिचे यजमान वसंतराव यांचा पिपलानीतला मुक्काम जानेवारीअखेर संपणार होता. वसंतराव तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर दोघं नाशिकला, आमच्या गल्लीजवळच चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार होते. भोपाळ हे नाव वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून मी अनेकदा मथळ्यात बसवलं होतं. शहर पाहिलं नव्हतं.

पिपलानी

कारखान्याची वसाहत बाकीच्या शहरापासून वेगळी ओळखू येते ती झाडांवरून. रस्ते रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा, त्या पट्ट्यावर गेरूनं घातलेला नंबर. नंबर विजेच्या खांबांना आहेत, पाण्याच्या टाक्यांना आहेत, सिमेंटच्या बाकांनाही आहेत. माणसंही नंबरानंच सापडतात. रिक्षावाल्याला मी वसंतरावांचं नाव सांगितलं. त्यानं कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं. पानवाला म्हणाला, "नाम छोड़िए, क्वार्टर बोलिए." क्वार्टरचा नंबर सांगितल्यावर दोघांनी एकदमच हात केला. "नींबू वाला घर," पानवाल्यानं वर पुस्ती जोडली.

फाटकाशी लिंबाचं झाड होतंच, फळांनी लगडलेलं. आत समोरच्या खोलीत खोकी, सुतळ्या, गुंडाळलेल्या गाद्या. भिंती रिकाम्या झाल्या होत्या. एकाच भिंतीवर अजून एक चौकट होती. तिच्यात काळपट तपकिरी रंगाचा मोठा पक्षी ओंडक्यावर बसलेला. मान उघडी, खांदे वर चढवलेले, चोच लांब. एका पायात कडं, कड्यावर बत्तीस हा आकडा.

"हे कोण?" मी विचारलं.

"आमचं गिधाड," सुधाताई म्हणाली, आणि चहात साखर किती, ते विचारून आत गेली.

सविस्तर माहिती पोह्यांबरोबर मिळाली. पोहे इथे वाफेवर ठेवलेले असतात, तिखटाला बेताचे, बडीशेपेची चव असलेले. वर शेव आणि जीरावन नावाचा आंबटसर मसाला, शेजारी जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं नसलं तर पाहुण्याला चुकल्यासारखं वाटतं. इथे जिलबी नसली तर.

काही वर्षांपूर्वी वसाहतीच्या दसऱ्याच्या मेळ्यात वन्यप्राण्यांच्या पालकत्वाचा एक स्टॉल लागला होता. योजना साधी. वर्षाची वर्गणी भरून धोक्यात आलेल्या एखाद्या प्राण्याचं पालक व्हायचं. प्राणी घरी येत नाही, त्याच्यावर हक्क काही मिळत नाही. त्याच्या खाण्यापिण्याच्या खर्चातला वाटा आपण उचलायचा. बदल्यात एक फोटो आणि आभाराचा कागद.

"मी पोचेपर्यंत वाघ गेले होते," सुधाताई सांगत होती. "बिबटे गेले होते. अस्वल शाळेच्या पोरांनी घेतलं. उरलं काय, तर तरस, मगर आणि गिधाड. तरसाचं तोंड बघवेना. मगर काही करतच नाही. म्हटलं, द्या गिधाड. सेलमध्ये शेवटी उरलेली साडी घेतात ना, तसं."

"नाव काय ठेवलंस?"

"नाव कशाला? इथे आम्हालाही नंबरानंच ओळखतात. बत्तीस."

तेव्हापासून दर संक्रांतीला ती वर्गणी भरत होती आणि अधूनमधून गिधाडं वाढवणाऱ्या केंद्रात फोन करून "बत्तीस नंबर ठीक है?" असं विचारत होती. तिकडून "सब ठीक है, मैडम" असं उत्तर येई. बत्तीसला तिनं कधी पाहिलं नव्हतं. गिधाडांचं केंद्र शहराबाहेर जंगलाच्या कडेला आहे आणि ते लोकांसाठी बंद असतं. माणसांची वर्दळ वाढली तर पक्षी अंडं सोडून उठतात.

आता तिच्यापुढे एकच काम उरलं होतं, आणि ते खोक्यांत मावणारं नव्हतं. क्वार्टर सोडण्यापूर्वी गिधाडाचा चार्ज कोणाला तरी द्यायचा होता.

वाटणी

'चार्ज' हा वसाहतीतला रोजचा शब्द आहे. कारखान्यात बदली झाली, माणूस निवृत्त झाला, की यंत्रांचा आणि किल्ल्यांचा चार्ज पुढच्याला दिला जातो. घरातल्या बायकांनीही तो शब्द उचलला आहे. निवृत्त होणाऱ्या घरातल्या वस्तूंची वाटणी महिनाभर आधी सुरू होते आणि तिच्यात कोणी संकोच करत नाही. नाशिकला शेजाऱ्याची जुनी वस्तू मागून घेणं जरा कमीपणाचं समजतात. इथे सकाळीच समोरच्या त्रिपाठीभाभी दारात उभ्या राहिल्या. "दीदी, कूलर का क्या सोचा?"

"ले जाओ. खस की पट्टी नई लगानी पड़ेगी." सुधाताईनं लगेच भिंतीकडे बोट केलं. "और ये?"

त्रिपाठीभाभींनी पदर सावरला. "अरे दीदी, हमारे गाँव में तो छत पर बैठ जाए तो पंडित बुलाते हैं. आप दीवार पर बैठाए हैं."

असे नकार ती आठवडाभर ऐकत होती. वसंतरावांच्या शॉपमधला, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातला, एक जण म्हणाला, अस्वल असतं तर घेतलं असतं. दुसऱ्यानं विचारलं की वाघाशी बदली करून मिळते का.

तिची मुख्य आशा होती मंगला कानडे यांच्यावर. कानडे मूळचे इंदूरचे, त्याच ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे. कानडेकाकूंचे गुडघे दुखतात. तळमजल्याच्या क्वार्टरसाठी त्यांनी अर्ज करून ठेवला होता आणि योगायोगानं सुधाताईचंच क्वार्टर त्यांच्या यजमानांच्या नावावर आलं होतं. त्यामुळे त्या रोज खाली येत, पडद्यांची मापं घेत, नळ सोडून बघत. तुळस त्यांनी मागून घेतली. पितळी पुरणयंत्र, जे होळीला साऱ्या ब्लॉकमध्ये फिरत असे, तेही घेतलं.

"लिंबू तर क्वार्टरबरोबर आहेच," सुधाताई म्हणाली. "आता हे एवढं घे, म्हणजे मी सुटले."

"नाही हं सुधा. ते माझ्या बसचं नाही." कानडेकाकू खुर्चीवर बसून गुडघा चोळत होत्या. "ऋचासाठी मुलं बघून राहिलो आहोत आम्ही. समोरच्या खोलीत गिधाड टांगलं तर लोक दरवाज्यातूनच वापस जातील."

"तेवढ्यावरून जाणारे गेलेलेच बरे."

"तुला बोलायला काय! तुझा मुलगा लग्न करून बंगलोरला बसलाय."

"मग आत लाव. स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात? अन्नपूर्णेच्या बाजूला? थोडा तर विचार कर, सुधा!"

कानडेकाकूंची मुलगी ऋचा दाराला टेकून हे ऐकत होती. ती बँकेत नोकरी करते. "मम्मी, फोटोच आहे ना, क्या फ़र्क पड़ता है," असं ती म्हणाली, आणि दोन्ही बायकांनी एकाच वेळी "तू गप्प बस" म्हटल्यावर गप्प बसली.

मी मध्ये पडलो. वर्गणी नाशिकहूनही भरता येईल, असं सुचवलं. सुधाताईनं माझ्याकडे पाहिलं. "आणि या लिंबाला पाणी? ते पण नाशिकहून पोस्टानं पाठवू?"

तिचा हिशेब मला हळूहळू कळला. बत्तीस इथला होता, या गावचा. त्याची चौकशी करणारं माणूसही इथलंच हवं. नाहीतर तिच्या लेखी ते गिधाड बेवारस होणार होतं, आणि बेवारस वस्तूचं वसाहतीत काय होतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

चौक

एक दिवस मोकळा मिळाला. वसंतरावांनी स्कूटर काढली आणि आम्ही जुन्या शहरात गेलो. गल्ल्या अरुंद, मशिदींचे मिनार, जरीबटव्यांची दुकानं. चौकात एका हॉटेलात इथला मिठाचा चहा प्यायलो. दूध, साखर आणि चिमूटभर मीठ. पहिला घोट चुकीचा वाटतो, तिसऱ्या घोटाला जीभ तक्रार करत नाही. वसंतरावांनी चार वेळा तरी विचारलं, "कसा लागला?" आणि माझं उत्तर दर वेळी बदलत गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

वसंतराव मोजकं बोलतात. त्या दिवशी मात्र स्वतःहून बोलले. ते नोकरीला लागले तेव्हा कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या सावरीच्या झाडांवर गिधाडं बसत. "सकाळी भोंगा झाला की उठायची नाहीत. ऊन तापल्यावर उठायची. आम्ही म्हणायचो, यांची जनरल शिफ्ट. पंख पसरून वर गेली की मग तासन्‌तास पंख हलवायची नाहीत. बॉयलरवाल्याला विचारा, फुकटच्या गरम हवेवर एवढं वजन कसं तरंगतं."

"मग गेली कधी?"

"तेच तर." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही पेपरवाले. तुम्हीच शोधून सांगा, शेवटचं कोणी पाहिलं."

उरलेल्या मुक्कामात मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारला. पानवाला म्हणाला, लहानपणी पाहिलेली आठवतात. त्रिपाठीभाभी म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा होती. शेजारच्या सोनागिरीतला एक दूधवाला म्हणाला की पूर्वी म्हैस मेली की दुपारपर्यंत जागा साफ व्हायची, आता कुत्री जमतात आणि वास राहतो. पहिल्यांदा पाहिल्याच्या आठवणी सगळ्यांकडे होत्या. शेवटचं कधी पाहिलं, ते एकालाही सांगता आलं नाही. गोष्ट येते तेव्हा तिची बातमी होते. ही एवढी मोठी पाखरं गेली, तेव्हा त्या जाण्याला दिवसच नव्हता.

धरणाच्या रस्त्याला

सुधाताईनं केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती केली होती. मी गाव सोडून चालले आहे, एकदा बत्तीसला पाहू द्या. त्यांनी एका सकाळी मॉनिटरच्या खोलीत बसू देण्याचं कबूल केलं. त्यासाठी व्हॅन ठरवली. केंद्राच्या वाटेवर एक धरण लागतं. एक जागा रिकामी होती. कानडेकाकू पायरीवर उभ्या होत्या.

"मी फक्त धरण बघायला येऊन राहिली आहे," बसता बसता त्यांनी जाहीर केलं. "पहिलेच सांगते."

पिपलानीहून तिकडे जायचं म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जायचं. नेहरू नगरात चहासाठी थांबलो. तिथे गाडीवर गराडू तळत होते. गराडू म्हणजे माळव्यातला हिवाळी कंद. तळून, वर मसाला आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत रताळ्यासारखा पिठूळ, पण गोड नाही. नाशिकला हा प्रकार का मिळत नाही, याचं उत्तर कानडेकाकूंनी दिलं, "तुमच्याकडे थंडी कुठे पडते!" नाशिकच्या थंडीचा एवढा अपमान मी पूर्वी ऐकला नव्हता. तेलाचा एक डाग माझ्या स्वेटरवर पडला, आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

वस्ती संपली, साग आणि पळसाची झाडी सुरू झाली. डावीकडे धरणाचं पाणी दिसलं. कानडेकाकूंनी ते खिडकीतूनच पाहिलं आणि व्हॅन थांबवा म्हणाल्या नाहीत.

फाटकावर डॉक्टर उभे होते. चाळिशीचे, खाकी जॅकेट घातलेले, बोलणं हळू. त्यांनी आधी माझ्या नारिंगी स्वेटरकडे पाहिलं. भडक रंग आत चालत नाही. डाग पडलेला होताच, तो काढून व्हॅनमध्ये टाकताना वाईट वाटलं नाही. थंडी मात्र वाजली. मग डॉक्टरांचं लक्ष कानडेकाकूंच्या हातांकडे गेलं. दोन्ही मनगटं हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेली.

"माताजी, आवाज होगी. पिंजरा दीवार के पीछे ही है."

"चूड़ियाँ नहीं उतारूँगी मैं."

"उतारिए मत. कुछ लपेट लीजिए."

वसंतरावांनी आपला मफलर दिला, मी रुमाल दिला. कानडेकाकू दोन्ही मनगटं बांधून घेऊन, हात पुढे धरून चालू लागल्या. सुधाताई तोंड फिरवून हसली. "अटक झाल्यासारखी दिसतेस, मंगल."

"तुझ्या पाहुण्यांकडे आलीये, म्हणून ऐकून घेते," काकू कुजबुजल्या.

खोली लहान, अंधारी. समोर पडदा, पडद्यावर कॅमेऱ्यातून दिसणारं पक्षिगृह. उंच जाळी, जाड ओंडके, दोरखंड, कोपऱ्यात पाण्याचं उथळ टाकं. ओंडक्यांवर दाटीनं बसलेली गिधाडं. एक टाक्यात उतरून अंघोळ करत होतं आणि नंतर पंख उघडे ठेवून उन्हात उभं राहिलं, आपल्याकडे गच्चीवर चादर वाळत घालतात तसं. गिधाड स्वच्छ असतं, ही गोष्ट मला नवी होती.

सुधाताई पडद्याजवळ सरकली. "इसमें बत्तीस कौन सा है?"

डॉक्टरांनी पडद्याच्या कडेपलीकडे बोट केलं. "बत्तीस पीछे वाले पिंजरे में है, मैडम. आज नहीं दिखेगी."

"दिखेगी? मादी आहे?"

"हाँ. देखने से नर-मादा पता नहीं चलता, खून की जाँच से चलता है. पर मैडम, एक बात..." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "वो फोटो हम सब पालकों को वही भेजते हैं. अच्छी आई थी, इसलिए. बत्तीस किसी एक की नहीं है. आपका पैसा सबके खाने में जाता है. सब आपके हैं."

वसाहतीत राहिलेल्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. जिथे झाडाला, खांबाला, बाकाला नंबर असतो आणि नंबर म्हणजे अलॉटमेंट, तिथे पायातल्या कड्यावरच्या आकड्याचा दुसरा काय अर्थ लावणार? सुधाताईनं फोटो हातात आल्या दिवशी तो नंबर वाचला आणि बत्तीस आपल्या नावावर चढला, असं धरून चालली.

"सबके म्हणजे कोणाचेच नाही," ती अखेर म्हणाली, मराठीतच. "जिन्यातला दिवा सगळ्यांचा असतो. तो कोण बदलतं?"

डॉक्टरांना अर्थ कळला असावा. त्यांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.

मग खाणं आलं. जाळीच्या दारातून सोललेला बकरा आत ठेवला गेला. सगळी गिधाडं आधी नुसती बघत राहिली. मग एक उतरलं आणि मागोमाग सगळी कोसळली. पंख, माना, धूळ यांचा गोळा झाला. भिंतीपलीकडून फुत्कार आणि चिरकणं प्रत्यक्ष ऐकू येत होतं. थोड्याच वेळात गोळा सुटला. हाडं शिल्लक होती.

कानडेकाकूंनी बांधलेले हात तोंडावर धरले होते. ते खाली घेऊन त्यांनी विचारलं, "बकरा बाज़ार से लाते हो?"

नाही, डॉक्टर म्हणाले. बकरे आधी काही दिवस इथेच ठेवून पाहतात. ते एखाद्या औषधावर असतील तर ते औषध अंगातून जायला हवं. गिधाडं गेली त्यामागचं मोठं कारण तेच होतं. गुराढोरांच्या दुखण्यावर एक इंजेक्शन सर्रास दिलं जाई. ढोर पुढे मेलं तर ते औषध त्याच्या मांसात राही, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. एका ढोरावर कितीतरी पक्षी जमत. त्या औषधाचा गुरांसाठी वापर आता बंद आहे, पण तेवढ्यानं गेलेली पाखरं परत येत नाहीत.

"का नाही येत?" काकूंनी विचारलं. "अंडी देत असतील ना?"

"साल में एक."

"एकच?"

"एक ही. माँ-बाप बारी-बारी से बैठते हैं. एक खाने जाता है, दूसरा बैठा रहता है."

"और वो एक भी ख़राब हो गया तो?"

"तो अगले साल."

कानडेकाकूंनी पडद्याकडे पाहिलं. ओंडक्याच्या टोकाला एक गिधाड मान खांद्यांत घालून बसलं होतं. खायलाही ते उतरलं नव्हतं. परत निघेपर्यंत काकू त्याच्याकडेच बघत होत्या. व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी मफलर सोडला, घडी करून वसंतरावांना दिला आणि पिपलानी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोन बोलक्या बायकांची इतकी शांतता वसंतरावांना सोसवेना. त्यांनी व्हॅनवाल्याशी गिअरबॉक्सविषयी बोलणं काढलं.

घरी आल्यावर सुधाताईनं चौकट भिंतीवरून उतरवली, जुन्या साडीत गुंडाळली आणि चादरींच्या खोक्यात तळाशी ठेवली. "चार्ज द्यायला काही तरी नावावर असावं लागतं," ती म्हणाली. पुढच्या वर्षीची वर्गणी तिनं भरलेली नव्हती. ती भरणार का, हे मी विचारलं नाही. ती सुतळी दोनदा आवळून बांधत होती.

फिटिंग

क्वार्टर सोडायच्या दिवशी कारखान्याच्या इस्टेट ऑफिसातून एक बाबू येतात आणि फिटिंग तपासतात. पंखे फिरतात का, नळ गळतात का, काचा शाबूत आहेत का. जुना राहणारा आणि नवा राहणारा, दोघांनी हजर असायचं. त्यांच्या देखत घर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं. आमच्याकडे घरमालक किल्ली मोजून घेतो आणि डिपॉझिटवरून वाद होतो. इथला प्रकार त्याहून संथ आणि थोडा लग्नाच्या पाठवणीसारखा.

ट्रक फाटकाशी उभा होता. त्रिपाठीभाभींनी वाटेसाठी पुऱ्या आणि लोणचं दिलं होतं. कानडेकाकू नारळ घेऊन आल्या होत्या, बरोबर ऋचा. बाबूंनी पंखा लावला, बंद केला. नळ सोडला, बंद केला. समोरच्या खोलीत आल्यावर ते थबकले. सगळी भिंत वर्षांच्या धुरानं पिवळट झालेली, आणि मध्येच एक स्वच्छ चौकोन, वर खिळा.

"यहाँ कुछ लगा था?"

"था," सुधाताई म्हणाली. "पैक हो गया."

"ऑफिस का तो नहीं था?"

"नहीं, नहीं. ऐसे ही."

कानडेकाकू त्या चौकोनाकडे बघत होत्या. त्यांनी नारळ ऋचाच्या हातात दिला. "कुठल्या खोक्यात आहे?"

"चादरींच्या. का?"

"उघड ते."

"मंगल, ट्रकमध्ये चढलंय. आणि ऐकलंस ना तू स्वतः? आपलं असं काहीच नाहीये त्यात."

"मग हे क्वार्टर तरी कुठे आपलं आहे?" कानडेकाकूंचा आवाज चढला. बाबूंनी वहीतून मान वर केली. "तीस साल राहिलीस. लिंबू लावलास. दर दिवाळीला फाटकाला रंग दिलास. कोणाच्या नावावर होतं? राहील तो बघेल, अशीच तर चालते आपली पूरी कॉलनी. उघड खोका."

सुधाताई स्वतः ट्रकपाशी गेली. चादरींचं खोकं सर्वांत मागे होतं, त्यासाठी अर्धा ट्रक खाली उतरवावा लागला. हमाल काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वसंतरावांनी त्यांना चहा पाजला. चौकट साडीतून सोडवून सुधाताईनं कानडेकाकूंच्या हातात दिली, आणि मग रीतसर, एखादं यंत्र सोपवावं तसं, सांगितलं, "संक्रांतीला वर्गणी. मधून फोन करायचा. डॉक्टर दुपारी उचलतात."

"आणि विचारायचं काय? बत्तीस कशी आहे?"

"सगळी कशी आहेत, विचार." तिनं चौकटीची कड हातानं पुसली. "बत्तीसचं पण विचार."

काकूंनी चौकट खिळ्यावर लावली. थोडी तिरकी लागली होती, ऋचानं सरळ केली. बाबूंनी खोली पुन्हा एकदा पाहिली, "ठीक है" म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळले.

होळीच्या आसपास, नाशिकच्या चौथ्या मजल्यावर, ऋचाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. सुधाताईनं स्पीकर लावला. पुरणयंत्र ब्लॉकमध्ये फिरून परत आलं होतं. लिंबाला फुलं आली होती. एका स्थळाकडची मंडळी घर बघून गेली होती.

"मग?" सुधाताई पुढे वाकली. "काही बोलली का ती मंडळी, भिंतीवरच्या पाहुण्याला बघून?"

"बोलली ना, मावशी. मुलाच्या आईनं विचारलं, हे काय हो, घरात? मी तर डर गई, आता मम्मी काय सांगते."

"काय सांगितलं तिनं?"

"मम्मी एकदम आरामात बोलली, 'ते क्वार्टरबरोबर आलंय. काढता येत नाही.'"